सुधारणेला वाव

स्वतःवर इतक्या आनंदानं नाराज असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माणसं स्वतःवर नाराज झाली की त्यांचे चेहरे उतरतात, ती कमी बोलतात, निदान आरशात बघायचं तरी टाळतात. माझ्या बायकोचे मामा पहाटे पाचला आरशासमोर उभे राहत, स्वतःला आपादमस्तक न्याहाळत, आणि रिकामा प्लॉट बघून बंगल्याची स्वप्नं पडावीत तसे खूश होत. "पुष्कळ काम आहे!" असं म्हणून ते दिवसाला सुरुवात करत. चोपन्न वर्षांच्या, तुळतुळीत टकलाच्या, पाच फूट चार इंच उंचीच्या या गृहस्थांना स्वतःमध्ये सुधारणेला जेवढी जागा दिसे, तेवढी मोकळी जागा अख्ख्या चेन्नईत कुठल्याही बिल्डरला सापडली नसती. उंचीचाही त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. दाराच्या चौकटीला लोखंडी दांडी लावून ते सहा महिने सकाळ-संध्याकाळ लोंबकळले. उंची वाढली नाही, चौकट खाली आली.

मी सांगलीहून चेन्नईला आलो तो संगणकातल्या नोकरीसाठी. दोन हजार चार साल असेल. पुढं कंपनी सिरुसेरीला गेली, म्हणजे गावाबाहेर पार दूर, आणि माझे सगळे सहकारी पटापट तिकडच्या रस्त्यावर घरं घेऊन मोकळे झाले. आम्ही राहिलो मैलापुरात, मामांच्या बरोबर खालच्या मजल्यावर. रोज जाऊन-येऊन अडीच तास कंपनीच्या बसमध्ये. कारण बायकोचं म्हणणं, "मामांच्या शेजारी राहिलास तर तू जरा सुधारशील." लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तिच्या बोलण्यातल्या त्या 'जरा'मध्ये मला अजून माया ऐकू येत असे.

मामा रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. चोविसाव्या वर्षी चेन्नईत आले तेव्हा तिचं नाव मद्रास होतं. इथं आल्या आल्या त्यांची गाठ पडली ती विजयादशमीशी. आपल्याकडं त्या दिवशी आपट्याची पानं द्यायची, श्रीखंड-पुरी खायची आणि दुपारी आडवं व्हायचं, इतकं सुटसुटीत काम असतं. तिकडं तसं नाही. तिकडं तो दिवस नवीन काहीतरी शिकायला सुरुवात करण्याचा. लहान मुलांचं बोट धरून तांदळात अक्षर गिरवून घेतात, गाण्याच्या आणि नाचाच्या शिकवणीला नवी मुलं तबकात नारळ-विडा घेऊन रांगेनं उभी असतात. मामांनी ही रीत पाहिली आणि त्यांना आपलं गाव सापडलं. त्या वर्षापासून दर विजयादशमीला चढत्या उत्साहानं ते तबक घेऊन एका नव्या गुरूच्या दारात उभे. तीस वर्षांत अठ्ठावीस विद्या. उरलेली दोन वर्षं शॉर्टहँडमध्ये गेली, कारण तिथं ते नापास झाले आणि नापास झाल्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. "किती अवघड असेल बघा!" असं ते मला अभिमानानं सांगत.

शॉर्टहँड, होमिओपॅथी, पोहणं, संस्कृत संभाषण, मधमाश्या, हस्तसामुद्रिक, फ्रेंच. यादी त्यांनी स्वतःच्या सुबक ड्राफ्ट्समनी अक्षरात एका तक्त्यावर लिहून हॉलमध्ये लावली होती. दोन तक्ते भरून तिसरा सुरू होता. स्मरणशक्ती वाढवण्याचा कोर्स केला त्या वर्षी ते मामींबरोबर देवळात गेले, येताना बाजारात सत्तावीस भाज्यांची यादी कागद न बघता ओळीनं म्हणून भाजीवालीला थक्क केलं, सगळी भाजी घरी आणली आणि ओट्यावर मांडली. मग लक्षात आलं की मामी देवळाबाहेर चपला सांभाळत उभ्या आहेत. "यादीत तू नव्हतीस ना," त्यांनी मामींना प्रामाणिकपणे सांगितलं. मामी नुसत्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी घाला. वांग्याच्या आधी घाला."

मेंदूचा उजवा भाग जागा करायचा म्हणून त्यांनी एक वर्ष सगळी कामं डाव्या हातानं केली. लिहिणं झालं, दाढी झाली (गालावर चिकटपट्ट्या घेऊन ते महिनाभर हिंडत होते), इथवर ठीक होतं. पण त्याच सुमारास शेजारच्या बिऱ्हाडातल्या लग्नाला गेले आणि केळीच्या पानावर डाव्या हातानं भात कालवायला बसले. तमिळ पंगतीत डाव्या हातानं जेवणं म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. सांबाराची बादली घेतलेला वाढपी जागच्या जागी थिजला. पंगतीतल्या एका आजींनी डोळे मिटून घेतले. नवरीचे वडील धावत आले आणि हळूच विचारते झाले, "सार, उजव्या हाताला लागलंय का?" मामा प्रसन्नपणे म्हणाले, "नाही नाही, मी सुधारतोय."

जपानी शिकत होते तेव्हा मोटारींच्या कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर त्यांना बँकेच्या रांगेत भेटला. मामांनी कमरेत वाकून, पाठ केलेली चार वाक्यं न अडखळता म्हटली. तो मनुष्य कोरियाचा निघाला. पण इतका सभ्य, की तोही कमरेत वाकला. हा वाकला म्हणून मामा पुन्हा वाकले, ते वाकले म्हणून तो. रांग त्यांना वळसा घालून पुढं गेली.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा व्हायोलिन चालू होतं. शिकवणारी मुलगी पंचविशीची. तिकडं शिक्षिकेला 'मिस' म्हणतात, म्हणून मामाही तिला मिसच म्हणत. वर्गात बाकी सगळी सात-आठ वर्षांची मुलं. जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून बसायची त्यांची पद्धत. मुलं टुणकन बसत. मामांना खाली उतरायलाच भिंत लागे. आणि एकदा बसले की पायाला गोळा. "अंकल, प्लीज, खांदा सैल," मिस कळवळून सांगे. "येस मिस," म्हणून मामा खांदा सैल सोडत आणि त्याबरोबर सूरही. वर्षभरात मुलं पुढं गेली, नवी आली, तीही पुढं गेली. मामा पहिल्या धड्यावर. सा रे ग म प ध नी सा चढायचं आणि उतरायचं. चढताना ते पंचमापाशी घसरत आणि उतरताना भलत्याच घराच्या अंगणात उतरत. पहाटे साडेपाचला हे सगळं आमच्या डोक्यावर होई. बायको अंथरुणात उठून बसे आणि म्हणे, "बघ, या वयात! नाहीतर तू."

माझं म्हणाल तर माझी ख्याती अशी की या माणसाला काहीही नको असतं. तीन वर्षांत मी तमिळचे दोनच शब्द शिकलो. 'पोदुम' म्हणजे पुरे आणि 'तेरियादु' म्हणजे ठाऊक नाही. पहिला जेवताना लागतो, दुसरा इतर सगळ्या वेळी. बसमध्ये बसलो की कानात वायरी घालून डोळे मिटायचे ते सिरुसेरीलाच उघडायचे. बढतीच्या परीक्षा येत आणि जात. मी त्यांना खिडकीतून हात करत असे. चारचौघांत मी हे सगळं रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. मी मामांच्याही गोष्टी सांगायचो. त्या तर फारच खपत.

आता मुख्य घोळ. आमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी माणसाचं मूल्यमापन होई. त्याचा एक छापील फॉर्म असे. त्यात तीन रकाने : बलस्थानं, सुधारणेला वाव, पुढचं उद्दिष्ट. माझ्या वरच्या मॅडम माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांनी दुसऱ्या रकान्यात आठ ओळी लिहिल्या होत्या आणि पहिल्या रकान्यात एकच. 'विनोदबुद्धी बरी.' मी तो फॉर्म मामांना गंमत म्हणून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पोथी वाचावी तसा तो वाचला.

"हे असं तोंडावर देतात?" त्यांनी विचारलं.

"हो. वर सही घेतात."

"भाग्यवान आहात, जावईबापू." त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "आमच्याकडं गोपनीय अहवाल. दरवर्षी साहेब माझ्याबद्दल काहीतरी लिहितो, पाकीट बंद होतं, वर जातं. तीस वर्षांत मला एकदाही कळलेलं नाही की मी कसा आहे. मी आपला अंदाजानं सुधारतोय."

मी हसलो. ते हसले नाहीत. आठवडाभरानं मामांनी आमच्या फॉर्मचा नवा अवतार तयार केला. समास सुधारलेले, रकाने आखीव, अक्षर टपोरं. "तुमच्या कंपनीचा डावीकडचा समास फार वाईट होता," ते म्हणाले. त्याच्या प्रती काढून त्यांनी घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि व्हायोलिनच्या वर्गात वाटल्या. विषय : मामा. नाव लिहायचं नाही, मोकळेपणानं लिहायचं, बिस्किटाच्या रिकाम्या डब्याला पाडलेल्या फटीतून आत टाकायचं. नवरात्रात आठव्या दिवशी डबा उघडायचा, कारण नवव्या दिवशी सरस्वतीपूजा. त्या दिवशी तिकडं पुस्तकं आणि वाद्यं देवीपुढं ठेवतात आणि वाचणं-वाजवणं बंद. दहाव्या दिवशी सकाळी ती उचलून थोडं तरी वाचायचं, थोडं तरी वाजवायचं, मग नव्या वर्षाचं शिक्षण सुरू. मामांचा बेत असा की अहवाल वाचून मग पुढची विद्या ठरवायची.

मी माझा फॉर्म कधी भरला? ज्या संध्याकाळी त्या आठ ओळींवर सही करून आलो, त्याच संध्याकाळी मामांनी तो हातात ठेवला असता तर निदान सबब तरी सांगता आली असती. पण मी तो आठ दिवस जपून ठेवला आणि नीट विचार करून भरला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील वळणाचं काढलं. सुधारणेला वाव या रकान्यात लिहिलं, 'अठ्ठावीस विद्यांचे पहिले धडे झाले. दुसरा धडा एकाही विद्येचा नाही.' उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं, 'पुढच्या वर्षी काहीही शिकू नये. आहोत तसे राहून बघावे.' लिहून झाल्यावर मी स्वतःशीच खुदकन हसलो. मला वाटलं, मामा खो खो हसतील.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही वर जमलो. मामींनी तिकडच्या रीतीनं पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला होता. वर देव, मध्ये वाणी, न्हावी, सासरी निघालेली नवरी, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर मामींची लहानपणीची लाकडी भातुकली. हळदीकुंकवाच्या बायका सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, घेऊन गेल्यावर मामांनी डबा उघडला. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त हेडमास्तर होते, व्हायोलिनची मिस होती. मामा एकेक कागद मोठ्यानं वाचू लागले. हेडमास्तरांनी शिक्षणक्षेत्राच्या ऱ्हासावर चार पानं लिहिली होती, त्यात मामांचा उल्लेख नव्हता. मिसनं लिहिलं होतं, 'अंकल फार प्रामाणिक आहेत.' वर्गातल्या कुणीतरी टक्कल असलेलं व्हायोलिन काढलं होतं. मामा खूश होत होते, मान डोलावत होते. मग माझा कागद निघाला.

पहिलं वाक्य त्यांनी त्याच आवाजात वाचलं. दुसरं हळू वाचलं. तिसरं वाचताना त्यांनी मध्येच थांबून तक्त्याकडं बघितलं, जणू गणित तपासून घेत होते. कुणी हसलं नाही. मी हसण्याची तयारी करून बसलो होतो, ती तशीच तोंडावर राहिली.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. कागदाची चौपदरी घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. मग शेवटचा कागद उलगडला. तो कोरा होता. "हा कुणाचा?"

"माझा," मामी म्हणाल्या.

"काहीच नाही लिहिलंस?"

"गॅसवर दूध आहे," असं म्हणून मामी आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी सरस्वतीपुढं सगळं ठेवलं. फ्रेंचची वही, होमिओपॅथीची पेटी, पोहण्याचा चष्मा, व्हायोलिन, आणि भिंतीवरून उतरवलेले तिन्ही तक्ते. विजयादशमीची सकाळ झाली. सगळ्या गल्लीतून मुलांचे आवाज, पेटीचे सूर, कुठं नाचाच्या शिकवणीचा ठेका. आमच्या डोक्यावर शांतता. सातला मामी खाली आल्या. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, काही भलतंच झालंय.

"झोपलेत हो अजून," त्या म्हणाल्या. "सात वाजले! व्हायोलिन उचला म्हटलं तर म्हणतात, नको, आता आहे तसाच बरा."

"मग चांगलंच आहे की मामी," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणायचात ना, एक दिवस तरी निवांत बसा."

"म्हणत होते. तीस वर्षं म्हणत होते. आता बसलेत तर मला बघवत नाही." त्या दारातच बसल्या. "तो कागद मी कोरा का दिला माहितीये? काय लिहू? मी लिहायचं आणि यांनी ते खरंच मनावर घ्यायचं. मग हा माणूस जाऊन दुसराच कुणी घरात यायचा. त्याच्याशी मी काय बोलू?"

माझी बायको म्हणाली, "पण असं लिहिलं तरी कुणी असेल? इतकं टोचून?" मी सुंडल खात होतो. खातच राहिलो.

पुढचे पंधरा दिवस मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मामा निवांत बसले, पण त्यांना ते येत नव्हतं. गॅलरीत खुर्चीवर ताठ बसत, डॉक्टरकडं नंबर लावून बसल्यासारखे. मला एकदा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "निवांत बसताना हात कुठं ठेवायचे?" कारखान्याला जायच्या उडत्या गाडीत, म्हणजे त्या पुलावरून धावणाऱ्या लोकलमध्ये, ते खिडकीबाहेर बघत. आधी तिथं त्यांच्या हातात शब्दांच्या चिठ्ठ्या असत. आणि वर कोलू तसाच. दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करून झोपवायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, अशी तिकडची रीत. पण मामी हट्टाला पेटल्या. पायरीशी ठेवलेलं वाद्य त्यांनी उचलल्याशिवाय मी एक बाहुली हलवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दिवाळी जवळ आली. बाहुल्या उभ्याच. हेडमास्तर रोज जिन्यात मला गाठून विचारत, "मापिळ्ळै, वर सगळं ठीक ना? बाहुल्या अजून जाग्या आहेत." तिकडं जावयाला मापिळ्ळै म्हणतात आणि अख्ख्या बिल्डिंगचा मी जावई होतो. मी म्हणायचो, "तेरियादु." आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द खोटा पडायला लागला.

मग एका रविवारी सकाळी मी लुंगी लावून, पोटावर पेपर ठेवून, उपम्याची दुसरी बशी खात असताना मामा दारात उभे राहिले. अंघोळ केलेली, धोतरासारखी स्वच्छ पांढरी वेष्टी नेसलेली, हातात तबक. तबकात नारळ, विड्याची पानं, केळी, नवा कोरा पंचा. मागोमाग जिन्यात मामी.

"जावईबापू, जरा पूर्वेकडं तोंड करून बसा."

"का हो मामा?"

"पंधरा दिवस माझं मी करून बघितलं. पुस्तकात मिळत नाही. या विषयाला गुरूच लागतो, आणि तुमच्याइतका पोचलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही." ते खाली बसू लागले. भिंतीला हात टेकून, हळूहळू. "तीन वर्षांत दोन शब्द. बसमध्ये बसल्या बसल्या झोप. मॅडमनी आठ उणिवा लिहिल्या, त्या दिवशी तुम्ही दोनदा भात मागून घेतलात, मी स्वतः पाहिलं. मला समाधानी राहायला शिकवा. दशमी टळून गेली, पण चालेल ना?"

ते थट्टा करत असते तर किती बरं झालं असतं. मी उपम्याची बशी खाली ठेवली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी.

"मामा," मी म्हटलं, "तो कागद माझा होता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"मी वाचत होतो तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. तुम्ही बाहुल्या बघत होता." ते शांतपणे म्हणाले. "बाहेरच्यानं लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तुम्ही घरचे. म्हणजे खरं असणार."

मी म्हटलं, "मामा, मी बसमध्ये झोपत नाही."

"म्हणजे?"

"कानात वायरी असतात ना, त्यात गाणी नसतात. इंग्रजी उच्चार सुधारायची सीडी असते. डोळे मिटून ऐकतो, म्हणजे शेजारच्याला कळू नये. दोन कंपन्यांत मुलाखती देऊन आलो. दोन्हीकडं नको म्हणाले. त्या आठ ओळी माझ्या पाकिटात आहेत अजून. कुणावर तरी उतरवायच्या होत्या, तुम्ही सापडलात."

"काय?" बायको म्हणाली. उलथन्यावरून उपमा जमिनीवर पडला. "तू मला का नाही सांगितलंस?"

मला सांगता आलं नाही, कारण मी गमतीदार माणूस होतो आणि ते पद सोडणं जिवावर येत होतं. मामा स्वतःच्या उणिवा दारं-खिडक्या उघड्या ठेवून, वाजवत-गाजवत सुधारत. मी माझ्या उणिवा डोळे मिटून सुधारत होतो, आणि त्यांना हसत होतो.

मामांनी तबक बाजूला सरकवलं. मग मान वर केली. पंधरा दिवसांत नव्हती ती चमक त्यांच्या चष्म्यामागं आली.

"किती धड्यांची आहे?"

"काय?"

"सीडी."

"चाळीस."

"तुम्ही कितव्यावर?"

मी खोटं बोलायचा विचार केला. "पहिल्या," मी म्हणालो.

मामी फसकन हसल्या. मग बायको हसली, ती अजून रागावलेलीच होती तरी. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समव्यवसायी माणसाच्या आदरानं म्हणाले, "पहिला फार अवघड असतो, हो."

"आणा ते तबक इकडं," मामी म्हणाल्या.

"तू शिकवणार? समाधान?"

"मला काही शिकवायचं नाही. तुम्ही वर चला नि ते व्हायोलिन उचला. उभ्या राहून राहून बाहुल्यांच्या पायाला गोळे आले असतील."

आम्ही सगळे वर गेलो. व्हायोलिनवर सुकून कडक झालेली फुलं होती. मामांनी ती एकेक करून वेचली, भिंतीला धरून खाली बसले, टोक घोट्यावर टेकवलं आणि खांदा सैल सोडला. चढताना पंचमापाशी घसरले. उतरताना कुठं उतरले ते त्यांनाच माहीत. मामी शेजारी बसून वाण्याला कागदात गुंडाळत होत्या, मी नवरी हातात धरून होतो. जिन्यात हेडमास्तरांचा आवाज आला, "अप्पाडा!" सुटलो एकदाचा, असं त्याचं साधारण भाषांतर.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी पुढं किती तरी जणांना सांगितलं आहे. तक्ते पुन्हा भिंतीवर लागले. पुढच्या दशमीला मामा तबक घेऊन सुतारकाम शिकायला गेले आणि त्यांनी बनवलेल्या स्टुलावर बसून आमचे हेडमास्तर पडले. व्हायोलिनही त्यांनी सोडलं नाही. फक्त एकच झालं, की त्या दिवसानंतर पहाटे वाजवायला बसताना मामा गॅलरीचं दार आणि खिडकी लावून घेऊ लागले. चेन्नईच्या उकाड्यात, पंखाही बंद करून. मी त्यांना कधी विचारलं नाही. मामींना एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "डास येतात म्हणतात."

आम्ही आणखी दोन वर्षं तिथं राहिलो. रोज पहाटे साडेपाचला मला आपोआप जाग यायची. मी उठून न्हाणीघरात जायचो आणि तोंडात ब्रश धरून झरोक्याखाली उभा राहायचो. तिथून थोडं ऐकू येई. सूर चढत, घसरत, पुन्हा चढत. शेवटच्या काही महिन्यांत मधूनच प्रत्येक सूर दोनदोनदा वाजल्यासारखा वाटायचा. वर्गातली मुलं पहिला धडा संपला की तसं वाजवतात, असं मिस एकदा म्हणाली होती. मी नळ बंद करून, श्वास धरून ऐकायचो. पण मधे एक अख्खं छत होतं आणि खिडकी घट्ट लावलेली. खात्रीनं काही सांगता येत नाही.